रक्ताची रिकामी पेटी

बसमध्ये माणसं काय काय विसरून जातात हे एकदा जवळून पाहिलं, की माणूसजातीबद्दल फारसा आदर उरत नाही. छत्र्या, डबे, चष्मे समजू शकतो. पण कवळी? कवळी तोंडातून काढून सीटवर ठेवायची आणि बोळक्या तोंडानं आपल्या स्टॉपवर उतरून जायचं, हा गृहस्थ घरी गेल्यावर काय सांगत असेल? डेपोच्या जिन्याखालच्या खोलीत, 'हरवले-सापडले' या पाटीखाली खिडकीशी बसून तिनं या प्रश्नावर पुष्कळ डोकं खपवलं होतं. कवळी अजून मागच्या फळीवरच होती. कवळीला गळा नसल्यामुळे तिचा नंबराचा बिल्ला सुतळीनं समोरच्या दातांना बांधला होता.

त्या खोलीत इतकी वर्षं काढल्यावर तिचं एक मत पक्कं झालं होतं. जपून ठेवलेल्या वस्तूकडे सहसा कोणी फिरकत नाही. ती धूळ खाते, जागा अडवते आणि शेवटी लिलावात जाते. त्यामुळे 'असू दे, कधीतरी लागेल' हे वाक्य कानावर पडलं की तिच्या कपाळाची शीर उडायची.

आणि नवरा मिळाला तो नेमका हेच वाक्य श्वासासारखं घेणारा. तो लिफ्टचा मेकॅनिक. त्याच्या व्हॅनमध्ये एका लिफ्टचे सगळे भाग सुटे सुटे फिरत असायचे, फक्त माणसं आणि इमारत तेवढी बाहेर. घरात किल्लीची दुसरी किल्ली होती आणि दुसरी हरवली तर म्हणून तिसरी. ही जोडी ज्यानं कोणी जुळवली तो त्या दिवशी चांगल्याच थट्टेच्या मूडमध्ये असणार.

तरी त्यांचं बरं चाललं होतं. ती त्याचे जुने नटबोल्ट गुपचूप टाकून द्यायची, तो कचऱ्याच्या डब्यातून गुपचूप काढून आणायचा, आणि दोघंही ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. घोडं अडलं ते ती पोटुशी असताना, हॉस्पिटलच्या बाकावर. गळ्यात कुठल्याशा कंपनीचा रुमाल बांधलेली एक मुलगी समोर आली आणि तिनं दोघांच्या हातात गुळगुळीत कागदाचं एक पत्रक ठेवलं. पत्रकावरचं बाळ इतकं हसत होतं की त्याला रक्ताशी काही घेणंदेणं असेल असं वाटेना. पण विषय रक्ताचाच होता. बाळ जन्मलं की नाळ कापतात, आणि नाळेत-वारेत जे रक्त उरतं ते टाकून देतात. ते टाकायचं नाही. पिशवीत भरायचं, कंपनीकडे द्यायचं, कंपनी ते गोठवून वर्षानुवर्षं सांभाळणार. पुढे रक्ताचं एखादं मोठं दुखणं निघालंच, तर त्यातल्या पेशी कामी येऊ शकतात.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं मात्र, आणि तिला कळलं की आपण हरलो. आजवर आयुष्यानं त्याला पुष्कळ सुटे भाग देऊ केले होते, पण माणसाचा सुटा भाग पहिल्यांदाच.

मग घरात रोज तेच दळण. त्यांच्या डॉक्टरीणबाई स्पष्टवक्त्या होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या की बहुधा कधीच लागणार नाही, पण कधीच लागणार नाही असं मी लिहून देणार नाही. एवढ्या एका वाक्यात दोघांनाही आपापला विजय दिसला. सासूबाईंनी दोन्ही बाजू नीट ऐकून घेतल्या आणि त्या कंपनीवाल्यांचं डोकं फिरलंय का असं विचारलं. त्यांच्या मते ठेवायचंच असेल तर घरच्या फ्रीजमध्ये ठेवा, वरचा कप्पा रिकामाच आहे, उगाच परक्याच्या घरी कशाला. कंपनीची ताई एक दिवसाआड फोन करून मधाळ आवाजात विचारायची की बाळाच्या भविष्याचा विचार केलात का. एकदा हिनं सांगून टाकलं की भविष्याचा नाही, सध्या मी बसची पायरी कशी चढायची याचा विचार करतेय. ताई हसली आणि एक दिवसाआड फोन करत राहिली.

ती नाही म्हणत होती, पण खरं कारण कुणाला सांगत नव्हती. दोन वर्षांपूर्वी एक बाळ यायचं राहून गेलं होतं. पाचव्या महिन्यात. त्या वेळी घरात आधीच झबली आली होती, टोपडी आली होती, भिंतीला पिवळा रंग लागला होता. नंतर ते सगळं कुणी आवरलं हे तिनं विचारलं नाही. या खेपेला तिनं एक साधा लंगोटसुद्धा विकत घेतला नव्हता. ज्या बाळासाठी टोपडं घ्यायचा धीर होत नव्हता, त्याच्या वीस वर्षांनंतरच्या आजाराची सोय आत्ताच करून ठेवायची? हे म्हणजे माणूस घरात पाऊल टाकायच्या आधी त्याच्यासाठी दवाखान्यात खाट अडवून ठेवण्यासारखं झालं. तिला त्या पत्रकाची भीती वाटायची. भीती वाटली की ती चिडायची, आणि चिडली की नवऱ्याला वाटायचं, हिला सामान साठवायचा राग आहे.

एका रविवारी सकाळी स्वयंपाकघरात ती भांडी पुसत होती आणि तो नळाचा वायसर बदलत होता. वायसर चांगला होता, पण त्याच्याकडे नवा होता. तिनं सहज विचारलं की तुला त्या कंपनीचा एवढा पुळका का. त्यानं पाना खाली ठेवला.

"मागच्या वेळी डॉक्टर म्हणाल्या, कुणाची चूक नाही आणि काही करताही आलं नसतं," तो म्हणाला. "तुला आठवतंय?"

तिला आठवत होतं. त्यातल्या पहिल्या अर्ध्या वाक्याला धरूनच ती उभी राहिली होती.

"चूक असती तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "चूक दुरुस्त करता येते. मी रोज तेच करतो. काही करताच आलं नसतं म्हणजे काय? मी नुसता उभा होतो तिथे. या वेळी माझ्या हातात काहीतरी पाहिजे."

तिनं पुसलेलं ताट पुन्हा एकदा पुसलं. त्या दुसऱ्या अर्ध्या वाक्यानं याचं काय केलं हे आपण दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही, याची तिला लाज वाटली. लाज वाटली म्हणून लगेच पूर्ण हो म्हणवेना. ती म्हणाली, पेटी मागव, मग बघू.

पेटी आली. पांढरी, थर्माकोलची, वर धरायला पट्टा. आत रिकामी पिशवी, नळी, सुई आणि सूचना. झाकणावर लाल अक्षरात छापलं होतं: 'मानवी रक्त. काळजीपूर्वक हाताळा.' पेटी कपाटावर जाऊन बसली आणि निर्णयही तिच्यासोबत तिथेच बसून राहिला. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं की हो किंवा नाही ते ऐन वेळी सांगितलं तरी चालेल, फक्त दोघांनी एकच काय ते सांगा.

तारखेला अजून अवकाश होता, म्हणून ती कामावर जात होती. त्या दुपारी खिडकीशी एक माणूस छत्रीसाठी हुज्जत घालत होता. छत्रीची खूण काय, तर काळी. मागे फळीवर काळ्या छत्र्यांची पलटण उभी होती. मूठ कशी आहे, लाकडी की प्लास्टिकची, असं ती विचारत असतानाच तिच्या पायाशी पाणी झालं. छत्रीवाल्यानं खाली पाहिलं, वर पाहिलं आणि छत्री नको म्हणून निघून गेला.

तिच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या ज्येष्ठ कारकुनाला सगळा डेपो कलमकाका म्हणायचा, कारण त्यांच्या तोंडी दर दोन वाक्यांना नियमावलीचं एखादं कलम असायचं. बाळंतपणावर नियमावलीत कलम नव्हतं, त्यामुळे काका क्षणभर गडबडले. पण मग त्यांनी टॅक्सी बोलावली, एका कंडक्टरबाईला सोबत बसवलं, तिच्या नवऱ्याला फोन लावला आणि टॅक्सी निघता निघता खिडकीतून हजेरीपट आत सारला, कारण तिची जातानाची सही राहिली होती. तिनं कळा सोसत सही केली.

नवरा तेव्हा एका उंच इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा होता. तो खाली आला, घरी गेला, कपड्यांची बॅग घेतली, पेटी घेतली. व्हॅनपुढे कुणीतरी ट्रक लावून ठेवला होता म्हणून धावत जाऊन बस पकडली. बॅग मांडीवर घेतली, पेटी वरच्या फळीवर ठेवली. हॉस्पिटलचा स्टॉप आला तसा बॅग पोटाशी धरून उडी मारून उतरला.

तो खोलीत शिरला तेव्हा ती पलंगाचा दांडा धरून उभी होती. त्यानं बॅग खाली ठेवली आणि आपल्या हातांकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा काही उतरला की तिला विचारावं लागलंच नाही. ज्या माणसाकडे प्रत्येक वस्तूची दुसरी असायची, त्याच्याकडे ही एकच होती आणि ती बसमध्ये राहिली होती.

दुसरी एखादी बायको असती तर तिनं त्याला शिव्या घातल्या असत्या. हिच्या अंगात खिडकी इतकी मुरली होती की दोन कळांच्या मध्ये तिनं विचारलं, कुठला मार्ग, डावी बाजू की उजवी, आणि पेटी फळीवर होती की सीटखाली. मग म्हणाली की ती बस आता डेपोत लागली असेल, कंडक्टर नेऊन काकांकडे जमा करेल.

"जाऊ?" त्यानं विचारलं.

जाऊ नकोस, असं तिला म्हणायचं होतं. तिला तो तिथे हवा होता, रिकाम्या हाताचा, पेटीशिवायचा, कसाही. पण तो पुन्हा नुसता उभा राहील आणि पुन्हा दोन वर्षं आपल्या हातांकडे बघत बसेल, हेही तिला दिसत होतं.

"जा," ती म्हणाली. "पण पळत."

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की अजून बराच वेळ आहे. हे बाळाला कुणी कळवलं नव्हतं.

डेपोत काय झालं ते तिला पुढे आठवडाभर जो तो येऊन आपल्या परीनं सांगत राहिला. झालं असं की कंडक्टरनं पेटी आणून खिडकीत ठेवली आणि कलमकाकांनी झाकणावरची लाल अक्षरं वाचली. आता बेवारस मानवी रक्त सापडल्यास काय करावे याला मात्र कलम होतं. काकांनी खिडकी बंद केली, पेटीभोवती चार खुर्च्या मांडून दोरी बांधली, तिला बिल्ला लावला आणि डेपोच्या सुरक्षारक्षकाला बोलावलं. तो गडी पेटीपासून जमेल तितक्या लांब उभा राहून तिच्यावर पहारा देऊ लागला. तेवढ्यात नवरा धापा टाकत पोचला.

काका त्याला चांगलं ओळखत होते. घरी येऊन जेवून गेले होते. पण काम म्हणजे काम.

"वस्तूचं वर्णन सांगा," काका म्हणाले.

"पांढरी पेटी. काका, वेळ नाही हो."

"आत काय आहे?"

"काही नाही. रिकामी आहे."

"वर लिहिलंय मानवी रक्त. कोणाचं रक्त?"

"माझ्या बाळाचं."

"बाळ कुठे आहे?"

"अजून झालं नाही."

सुरक्षारक्षकानं त्याचा दंड धरला. काकांनी चष्मा काढून पुसला. नियमाप्रमाणे वस्तू मालकाच्याच ताब्यात द्यायची असते, आणि इथे मालक अजून जन्माला यायचा होता. असा पेच त्यांच्या अख्ख्या नोकरीत पडला नव्हता. म्हणतात की त्यांनी नियमावली उघडली, बराच वेळ पानं उलटली, मग ती बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. मग स्वतः दोरी सोडून पेटी उचलून त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "जावई, पळा. सही उद्या करा." डेपोतल्या कुणाचाच यावर विश्वास बसला नाही.

तो पोचला तेव्हा बाळ पोचलंच होतं. मुलगी. बिल्ला लटकत असलेली पेटी छातीशी धरून, घामानं निथळत, तो दाराशी उभा. बाहेर सासूबाई नर्सला सांगत होत्या की आमच्या वेळी नाळ कुठे गेली हे कुणी विचारलंसुद्धा नाही, तरी हा घोडा झालाच की नाही. आत मुलगी पहिल्यांदा कुरकुरली आणि मग, विचार करून ठरवल्यासारखं, रडायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी तिला आईच्या पोटावर ठेवलं. नाळ अजून जोडलेलीच होती, जाड, निळसर, पिळाची. त्या भराभर बोलल्या. "मुलगी ठीक आहे, पण तारखेआधी आलीय, लहानखुरी आहे. मी थोडी थांबले तर नाळेतलं रक्त तिच्या अंगात जाईल. लगेच कापली तर तुमची पिशवी भरेल. दोन्ही पुरतं होणार नाही. बोला, काय करू?"

तिनं दारातल्या माणसाकडे पाहिलं. त्याच्या दंडावर सुरक्षारक्षकाची बोटं उमटली होती. एवढा पळून आलाय, तिला वाटलं, होऊ दे त्याच्या मनासारखं. भीती माझी आहे, ती मी सांभाळीन.

"पिशवीत घ्या," ती म्हणाली.

"थांबा," तो त्याच वेळी म्हणाला.

डॉक्टरीणबाई वैतागल्या. दोघांनी एकच काय ते सांगा, असं आधी बजावलं होतं. तिनं त्याच्याकडे बघत विचारलं की अरे, मग एवढा आटापिटा कशाला केलास. तो तिच्याकडे बघत नव्हता. तो त्या एवढ्याशा, चिडलेल्या, चिकट मुलीकडे बघत होता.

"ते तिचंच आहे," तो म्हणाला. "आणि तिला आत्ता हवंय. पुढचं पुढे."

त्यानं पेटी खाली ठेवली. मग मात्र त्याला हातांचं काय करावं ते कळेना. ते लोंबत राहिले. डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं असावं, कारण त्यांनी त्याला हात धुवायला लावले आणि पलंगाजवळ बोलावून त्याची दोन बोटं नाळेवर ठेवली.

नाळ उडत होती. मोटर चालू आहे की बंद हे तो नुसत्या बोटांनी ओळखायचा, त्यावरच त्याचं पोट चालत होतं, पण असं काही त्याच्या बोटांखाली कधी आलं नव्हतं. तो वाकून उभा राहिला. ती त्याचा चेहरा बघत होती. मुलीचं रडणं चालूच होतं. हळूहळू नाळेतला जोर कमी झाला. मध्ये मध्ये खंड पडायला लागला. मग बोटांखाली काहीच नाही.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हा चेहरा तिनं एकदा पाहिला होता.

"थांबलं," तो म्हणाला. "डॉक्टर, थांबलं हो."

"ते थांबायचंच असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिथलं काम संपलं. आता इकडे बघा." त्यांनी त्याचा हात उचलला आणि मुलीच्या छातीवर ठेवला. त्याच्या तळव्याखाली अख्खी मुलगी झाकली गेली.

तिथे नुसती धावपळ चालली होती. धडधड, धडधड, एवढ्याशा जागेत, कुणीतरी जिना उतरून पळत सुटल्यासारखी. त्यानं बायकोकडे पाहिलं आणि तो रडायला लागला, नाक ओढत, अजिबात न लाजता. तिनं त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि तीही रडली. तिघंही रडत होती, पण आवाज धाकटीचाच मोठा होता.

डॉक्टरीणबाईंनी नाळ कापली. नर्स दुपटं घेऊन आली आणि म्हणाली, दादा, हात काढा, बाळाला गार लागेल. त्यानं मान डोलावली आणि हात तिथेच ठेवला. नर्सनं पुन्हा सांगितलं, मग दटावून सांगितलं, मग त्याच्या बायकोकडे पाहिलं, पण तिनं कानावर हात ठेवले. शेवटी नर्सनं त्याच्या हातासकट मुलीला दुपट्यात गुंडाळलं.